आठव्या फोटोतली वेळ

१

लालबागच्या व्यायामशाळेमागच्या खोलीचं कुलूप लवूनेच काढलं, लवूनेच दार ढकललं आणि पहिली बोंबही लवूनेच मारली. खोलीतलं थान नाहीसं झालं होतं.

थान म्हणजे मांजरपाटाचं कापड, वीस वार लांब. त्यावर गिरणगावातल्या हजारो माणसांनी 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या ओळीखाली सह्या केल्या होत्या आणि अंगठे उठवले होते. सगळ्यांत वर, पहिल्या रांगेत, आनंदाचं नाव होतं. आनंदा हा लवूचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी, छप्पनच्या जानेवारीत, गोळीबारात गेला. त्याची सही आता कोण करणार, म्हणून लवूने ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. येत्या बुधवारी हे थान परळच्या मैदानात सभेपुढे टांगायचं होतं. पेपरवाले त्याचे फोटो काढणार होते आणि मग ते दिल्लीला जाणार होतं.

आणि आज, रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, ते जागेवर नव्हतं. कुलूप शाबूत आणि थान गायब.

मनमोहन आपली फटफटी घेऊन तिथे पोचला तो सहाच्या सुमाराला. हा दादरचा विमा कंपनीतला कारकून. आठवडाभर फायलींत मान घालायची आणि रविवारी लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी फटफटी काढून मुंबईभर रमतगमत हिंडायचं, दिसेल त्याचा फोटो काढायचा, हा त्याचा नेम होता. फटफटीला बाजूला एक डबा जोडलेला होता. त्यात बायको बसली नाही तर पाण्याची बाटली आणि केळी बसत. लवूच्या घरात आनंदाचा जो एकुलता एक फोटो होता तो अशाच एका रविवारी मनमोहनने काढलेला. त्यामुळे लवूच्या चाळीत त्याला मान होता.

आज मात्र कोणी 'या बसा' म्हटलं नाही. व्यायामशाळेचा प्रमुख भिवा दंड फुगवून उभा होता आणि लवू भिंतीला टेकून.

"किल्ल्या दोनच," भिवा म्हणाला. "एक लवूकडे, एक सेक्रेटरींकडे. आणि चार वाजता गंगुबाईने माणूस बघितलाय. पाठमोरा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, खांद्यावर गाठोडं."

"चारच कशावरून?" मनमोहनने विचारलं.

गंगुबाई समोरच्या खोलीतली म्हातारी. तिने पदर सावरला. "नळ इलो तेव्हा मी बादली लावलंय. नळ चारलाच येता. त्येच टायमाक दार उघडा बघलंय. माका वाटला, आपलोच कोण असतलो."

पांढरी टोपी लालबागेत शंभरांतल्या नव्वदांच्या डोक्यावर होती. पण किल्ल्या दोनच होत्या. दुसरी किल्ली ज्याच्याकडे होती तो व्यायामशाळेचा सेक्रेटरी हेमचंद्र टेबलाशी बसला होता. गोरापान, परीटघडीचा, गिरगावातल्या खोताच्या वाडीत बिऱ्हाडाने राहणारा सरकारी हेडक्लार्क. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी चार वाजता घरी होतो. आमच्या घरमालकांना विचारा, कमलाकांतांना. त्यांच्या समोरून जिना चढलो."

"आणि मी चारला तुमच्या दारात उभा होतो!" लवू ओरडला. "तुम्हीच बोलावलंत. म्हणालात, भाषण लिहायचं आहे, चारला घरी ये. अडीचला इथलं कुलूप लावलं नि निघालो. तुम्ही नव्हतात घरी."

"मी 'चारनंतर कधीतरी' म्हणालो असेन. ऐकण्यात घोळ झाला असेल तुमच्या."

दोघेही चार वाजता एकाच घरी होते आणि एकमेकांना दिसले नाहीत. मनमोहनच्या डोक्यात गोंधळ उडाला. पण त्या गोंधळातही त्याला एक गोष्ट लख्ख आठवली आणि तो टाळी वाजवून म्हणाला, "अरे, पण लवूला मी पाहिलंय! खोताच्या वाडीत. फोटो काढलाय मी त्याचा! आणि त्याच्या मागे भिंतीवर मोठं घड्याळ होतं. उद्या फोटो घेऊन येतो. फोटोच सांगेल."

लवूची बायको जाईबाई दारात उभी होती. तिने मनमोहनला हातच जोडले.

२

फोटो मनमोहन घरीच धुवायचा. न्हाणीघरात तांबडा दिवा लावून तो बसला की सुमतीला आंघोळीचं पाणीसुद्धा तापवता येत नसे. सुमती दादरच्याच एका शाळेत भूगोल शिकवायची. त्या रविवारी तिच्याकडे चाचणीच्या वह्यांचा ढीग होता, म्हणून ती फिरायला गेली नव्हती.

"सुमती!" न्हाणीघरातून आवाज आला. "सुमती, मी मेलो!"

ती धावली. मनमोहन ओला कागद चिमट्यात धरून उभा होता. फोटो सुरेख आला होता. लाकडी व्हरांडा, नक्षीचा कठडा, पुढे ओशाळवाणं हसणारा लवू आणि त्याच्या खांद्यावरून दिसणारं गोल घड्याळ. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"तीन वीस," सुमती म्हणाली. "मग?"

"मग काय! तीन वीसला गिरगावात असलेला माणूस चारला लालबागला आरामात पोचतो. मी त्याला वाचवायला गेलो आणि पुरावा दिला त्याच्याच विरुद्ध!"

"तुम्हाला काय आठवतंय? किती वाजले होते?"

"माझ्या मनगटावरचं बंद होतं. किल्ली द्यायला विसरलो होतो. चारच्या आसपास, असं वाटलं होतं."

हे घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं होतं आणि मनमोहन त्याला आठवड्यातून तीनदा किल्ली द्यायला विसरत असे. सुमतीने त्यावर काही बोलायचं टाळलं, याबद्दल तिला श्रेय द्यायला हवं.

तिने दोरीवर वाळत घातलेली फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली. बारा फोटोंचा रोल, काठाला आकडे. सातवा फोटो चर्नी रोड स्टेशनाबाहेरच्या चणेवाल्याचा. त्याच्या डोक्यावर स्टेशनचं घड्याळ होतं. तिने भिंग घेतलं.

"सातव्यात किती वाजलेत बघा."

मनमोहनने पाहिलं. पुन्हा पाहिलं. पावणेचार.

"सातवा पावणेचारला," सुमती म्हणाली, "आणि आठवा तीन वीसला."

"असं कसं होईल? आधी मी चणेवाला काढला, मग चहा प्यायलो, मग वाडीत शिरलो. रोल काय उलटा फिरतो? का मी आधी वाडीत गेलो आणि मग... नाही, नाही. आकडे आहेत ना काठाला!" तो मटकन स्टुलावर बसला. आपल्याला वेड लागलं असावं अशी त्याला खरोखरच शंका आली. पंधरा वर्षं फोटो काढतोय, पण काळ मागे जाताना त्याच्या कॅमेऱ्याने कधी पाहिला नव्हता.

"स्टेशनचं घड्याळ पुढे असेल," तो शेवटी म्हणाला.

"गाड्या त्याच्यावर सुटतात. पंचवीस मिनिटं पुढे असतं तर अख्खी मुंबई बोंबलली असती."

"मग वाडीतलं मागे असेल. बंद पडलेलं असेल!"

"हे मात्र विचारता येईल," सुमती म्हणाली.

पण सोमवारी संध्याकाळी फोटो व्यायामशाळेत न्यावाच लागला. मनमोहनने शब्द दिला होता आणि लपवाछपवी त्याला जमत नसे. भिवाने फोटो हातात घेतला, घड्याळ पाहिलं आणि लवूपुढे धरला.

"हे काय आहे? तू चार म्हणालास."

लवू बघत राहिला. "माझी पाठ होती घड्याळाकडे. कंडक्टरला विचारलं होतं मी, ट्राममधून उतरताना. पावणेचार होऊन गेलेत म्हणाला."

"कंडक्टरला आणतोस साक्षीला?"

मनमोहनने सातव्या-आठव्याचा घोळ सांगायचा प्रयत्न केला. आधी चणेवाला, मग चहा, मग वाडी, म्हणजे घड्याळाप्रमाणे आधी वाडी, मग चणेवाला. त्याचं त्यालाच ते धड सांगता येईना. पोरं हसू लागली. हेमचंद्र मात्र हसला नाही. तो सहानुभूतीने म्हणाला, "लवू तीन वीसला येऊन गेला असेल. मी चारला आलो, म्हणून आमची चुकामूक. फोटो सगळं बरोबरच सांगतोय."

भिवाने निकाल दिला. मंगळवारी संध्याकाळी साडेसहापर्यंत मुदत. तोवर लवूने आपला खरेपणा दाखवला नाही, तर बुधवारच्या सभेत थान विरोधकांना कोणी विकलं ते व्यासपीठावरून जाहीर व्हायचं. हुतात्म्याच्या भावाला फितूर म्हणणार होते, तेही दहा हजार माणसांपुढे.

जाईबाई मनमोहनच्या मागोमाग रस्त्यापर्यंत आली. "भावजी," ती म्हणाली, "ह्यांनी कालपासून अन्न नाय घेतलेला. आनंदाच्या फोटोकडे पाठ करून बसतत."

३

मंगळवारी दोघांनी अर्धी रजा टाकली आणि फटफटी गिरगावच्या दिशेने निघाली. सुमती डब्यात, मांडीवर फोटोचं पाकीट. नेहमी मनमोहन दर पाचशे पावलांवर थांबायचा, आज तो कुठेच थांबला नाही.

कमलाकांतांचं घर वाडीच्या आतल्या वळणावर होतं. सत्तरी ओलांडलेले, कोट-टोपीतले गृहस्थ व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसलेले. मागे तेच गोल घड्याळ, आणि ते बंद नव्हतं. लंबक शहाण्यासारखा हलत होता. मनमोहनची शेवटची आशा तिथेच मावळली.

"बंद?" कमलाकांत खुर्चीतून अर्धे उठले. "हे घड्याळ बंद? माझ्या वडिलांनी लावलेलं आहे ते. दर सकाळी मी किल्ली देतो. आजवर मिनिटाचा फरक नाही."

"मागेपुढे करता का कधी?" सुमतीने विचारलं.

"मी? काट्याला हात लावू दिला नाही कोणाला! लाटसाहेब सांगून दमला, म्युनिसिपालटी सांगून दमली. वडील म्हणायचे, आपला सूर्य आपल्या डोक्यावर, त्यांचा त्यांच्या. मी त्यांचाच मुलगा आहे."

म्हातारे गृहस्थ राजकारणावर घसरले, असं मनमोहनला वाटलं. त्या दिवसांत गिरगावात घड्याळ विचारलं तरी उत्तर दिल्लीपर्यंत जायचं. त्याने घाईने मुद्द्यावर आणलं. "रविवारी हेमचंद्र किती वाजता आले?"

"चारला. चारचे टोले पडले की मी झोपेतून उठतो, चहा घेतो. टोले पडत होते आणि हेमचंद्र जिना चढत होता. धोब्याकडचं गाठोडं होतं खांद्यावर. टापटिपीचा माणूस. अकरा वर्षं राहतोय, एक दिवस भाडं थकलं नाही की आवाज वर गेला नाही."

"त्याआधी इथे कोणी आलं होतं का? हा माणूस?" सुमतीने फोटो दाखवला.

"मी झोपलो होतो, बाई. माझ्या व्हरांड्यात कोण उभं राहून फोटो काढून घेतंय, मला काय ठाऊक?"

मनमोहनने निराशेने आपलं मनगट पाहिलं. सव्वापाच. भिंतीवर चार छत्तीस.

"बघ," तो सुमतीला म्हणाला, "आज आठवणीने किल्ली दिली तर हे पळत सुटलं. बाबांचं घड्याळ आणि बाबा, दोघांनाही घाई." आणि त्याने मनगटावरचे काटे भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून घेतले. सुमती तेव्हा गाठोड्याचा विचार करत होती. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

हेमचंद्र चार वाजता घरी होता. साक्षीदार खणखणीत, घड्याळ चालू. आता लवूच्या बाजूने काय उरलं?

४

निघताना मनमोहनच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि साडेसहाला अजून बराच अवकाश होता. दोघांनाही लालबागला जाऊन काय सांगायचं ते सुचत नव्हतं, म्हणून दोघंही नकळत वेळ काढू लागली. ठाकुरद्वारच्या नाक्यावर चहा झाला. भायखळ्याच्या पुलाखाली ताडगोळे झाले. मग लालबाग ओलांडून फटफटी भोईवाड्यापर्यंत उगाचच गेली.

तिथल्या देवळासमोर एक गजरेवाली बसली होती. सवयीने मनमोहनचा हात कॅमेऱ्याकडे गेला. त्याने डोळा लावला आणि खाली घेतला.

"उजेड नाही," तो कुरकुरला. "आत्ता कुठे सहा वाजतायत! मला वाटतं माझे डोळेही बिघडले."

सुमतीने वर पाहिलं. गिरणीच्या धुराड्यांमागे सूर्य बुडाला होता आणि आकाश राखेच्या रंगाचं झालं होतं.

"किती वाजले म्हणालात?"

"सहाला पाच कमी. चल, पोचू आरामात."

"फेब्रुवारीच्या मध्यावर," सुमती हळूच म्हणाली, "मुंबईत सहाच्या आत सूर्य बुडत नाही. मी दरवर्षी शिकवते." मनमोहनने तिला दोनदा हाक मारली, ती डब्यात तशीच, बोटांवर काहीतरी मोजत.

व्यायामशाळेशी ती दोघं पोचली तेव्हा मनमोहनच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. पंधरा मिनिटं आधी आल्याचं त्याला तेवढंच बरं वाटलं. पण अंगणातली माणसं उठून घरोघर चालली होती. लवू कठड्यावर एकटा बसला होता. अंगावरचा संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला काढून त्याने हातात धरला होता.

जाईबाई धावत आली. "भावजी, खंय होतास? साडेसहाक बोलावलेली सगळी. इतको वेळ वाट बघली. सात वाजाक इले. ठरला त्येंचा, उद्या सभेत सांगणार हत!"

"सात?" मनमोहनने मनगट कानाला लावलं. घड्याळ टिकटिकत होतं. "सात कसे? कमलाकांतांच्या घड्याळावर लावलंय मी! ते तर मिनिटभरसुद्धा..."

सुमती डब्यातून उठून उभी राहिली. "अहो, तुम्ही हे घड्याळ कधी मागे घेतलंत?" आणि उत्तराची वाट न बघता ती हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. "भिवादादा, सगळ्यांना परत बोलवा. हेमचंद्रांना आधी. चोर सापडलाय!"

५

माणसं कुरकुरत परत आली. सुमतीने व्यायामशाळेच्या फळ्याकडे जाऊन खडू घेतला. कोणी किती जोर काढले त्याची यादी होती तिथे. ती तिने पुसली.

"हेमचंद्रभाऊ, एकच विचारते. तुम्ही ऑफिसात कधी उशिरा पोचलात का?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही," हेमचंद्र म्हणाला.

"आणि अकरा वर्षं कमलाकांतांच्या घरात राहता. व्हरांड्यातल्या घड्याळाखालून रोज उतरता."

"हो."

"मग त्या घड्याळावर विसंबून निघता की स्वतःच्या?"

हेमचंद्रने सदऱ्याची बाही मनगटावर ओढली. मनमोहनला यातलं काहीच कळत नव्हतं. हे त्याला एकट्यालाच होतंय की काय म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. भिवाच्या चेहऱ्यावरही तेच होतं, तेव्हा त्याला जरा धीर आला.

"मीच सांगते. कमलाकांतांचं घड्याळ मुंबई टाइम दाखवतं."

मागून गिरणीत मुकादमी केलेला एक म्हातारा जॉबर "अगं बाई!" असं बायकी ओरडला आणि दोन-चार वयस्कर माणसांनी कपाळाला हात लावला. तरुण पोरं एकमेकांकडे बघत होती.

"तुमच्या वडिलांना विचारा," सुमती त्यांना म्हणाली. "पूर्वी मुंबईची वेळ वेगळी होती. आपल्या डोक्यावर सूर्य आला की आपले बारा. मग सगळ्या देशाला एकच वेळ आली, साडेब्याऐंशी रेखांशावरची, पार पूर्वेकडची. मुंबई जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. हिशेब केला की फरक येतो एकोणचाळीस मिनिटांचा. पुष्कळ लोकांनी हट्टाने जुनीच वेळ ठेवली. म्युनिसिपालटीने सोडली, देवळांनी सोडली, कमलाकांतांनी अजून सोडलेली नाही. 'लाटसाहेब दमला' म्हणाले ते, आणि आम्हाला वाटलं राजकारण बोलतायत."

तिने फळ्यावर लिहिलं: तीन वीस. खाली एकोणचाळीस. खाली तीन एकोणसाठ.

"लवूचा फोटो निघाला तेव्हा चार वाजत होते. स्टेशनवर पावणेचार, मग एक चहा, मग वाडीत चार. रोल सरळच फिरला होता. गंगुबाईंच्या बादलीत नळाचं पाणी पडत होतं, त्याच वेळी लवू खोताच्या वाडीत उभा राहून हसत होता."

लवूने मान वर केली. जाईबाईच्या तोंडून हुंदका बाहेर पडला.

"मग दुसरी किल्ली," सुमती पुढे म्हणाली. "हेमचंद्रभाऊ जिना चढले तेव्हा त्या घड्याळात चारचे टोले पडत होते. म्हणजे आपल्या वेळेने चार एकोणचाळीस. लालबागहून गिरगावला यायला तेवढा वेळ पुरतो. आणि खांद्यावर गाठोडं होतं. कमलाकांतांना वाटलं धोब्याकडचं."

"माझाही गोंधळच झाला असेल," हेमचंद्र पुटपुटला. "जसा मनमोहनरावांचा झाला, तसा."

"ह्यांचा होईल. भिवादादांचा होईल, माझाही झाला. आम्ही त्या घरात परके आहोत. पण त्या घड्याळाखाली अकरा वर्षं राहून ज्याला एकदाही उशीर झाला नाही, त्याचा होणार नाही. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं आणि तरी 'घरमालकांना विचारा' म्हणून तुम्हीच सांगितलंत. आणि फोटो पाहून म्हणालात, सगळं बरोबरच सांगतोय."

हेमचंद्रने चष्मा काढला आणि सदऱ्याने पुसू लागला. तो पुसतच राहिला.

"मी विकलं नाही," तो म्हणाला. "देवाशपथ विकलं नाही. मला फक्त माझं नाव काढायचं होतं."

६

भिवाने त्याला मारलं नाही, कारण लवू मध्ये उभा राहिला. थान हेमचंद्रच्या पलंगाखालच्या ट्रंकेत होतं. मनमोहन त्याला फटफटीवर मागे बसवून घेऊन गेला आणि तासाभरात थान डब्यात घालून परत आला. आपण एका चोराला घेऊन चाललोय, असं मनमोहन स्वतःला बजावत होता. पण मागे बसलेला माणूस रडत होता आणि मनमोहनला त्याचा राग काही येईना.

हकीकत साधी होती. थानावर सह्या सुरू झाल्या त्या दिवशी हेमचंद्रचं रक्त उसळलं होतं आणि त्याने पहिल्या रांगेत, आनंदाच्या नावाला लागून, सुंदर अक्षरांत सही ठोकली होती. सरकारी नोकर, पेन्शनला चार वर्षं राहिलेली, दोन मुली लग्नाच्या. पुढे कळलं की पेपरवाले फोटो काढणार. साहेबाच्या टेबलावर तो फोटो त्याला दिसू लागला.

व्यायामशाळेच्या फरशीवर थान उलगडलं. सगळे वाकले. वरच्या कडेला कात्रीने कापलेलं चौकोनी भोक होतं, हातभर रुंद.

लवू गुडघ्यांवर बसला आणि त्याने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आनंदाचं नाव इथे होतं," तो म्हणाला.

"दोन्ही एका तुकड्यावर होती," हेमचंद्र म्हणाला. "घाईत... मी नंतर पाहिलं. तुकडा जाळला होता तोवर."

लवूच्या तोंडून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. भिवासारख्या माणसानेसुद्धा तोंड फिरवलं. सुमतीने कोडं सोडवलं होतं, पण आता पुढे काय करायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

जाईबाई उठली. घरून मांजरपाटाचा तुकडा आणि सुई-दोरा घेऊन आली आणि खाली बसून तिने ठिगळ लावलं. बारीक टाके. मग लवूने शाईची दौत उघडली आणि टाक हेमचंद्रपुढे धरला.

"लिही. तुझं अक्षर चांगलं आहे. आनंदाचं नाव लिही."

हेमचंद्र ओणवा झाला. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि लिहिलं, आनंदा. पुढे बापाचं नाव, गावाचं नाव. लवू एकेक सांगत होता. अक्षर खरोखरच सुरेख होतं.

नाव पूर्ण झालं. हेमचंद्रने टाक पुन्हा दौतीत बुडवला. त्याने लवूकडे पाहिलं आणि टाक आनंदाच्या नावाखाली नेला, आपलं नाव लिहायला. हे साहेबाच्या टेबलावर जाणार, याला नोकरीवरून काढणार, हे सगळं हेमचंद्रला ठाऊक होतं आणि तरी तो लिहायला निघाला होता.

लवूने ठिगळावर हात ठेवला. पंजा पसरून.

"नको," तो म्हणाला.

"लिहू द्या, लवू. मला लिहू द्या."

"नको. काढायचं होतं ना तुला? निघालं."

त्याने हेमचंद्रच्या बोटांतून टाक काढून घेतला, दौतीला झाकण लावलं आणि भावाच्या नावावरची शाई वाळेपर्यंत तिथेच बसून तो हळूहळू फुंकर घालत राहिला.